कलेक्टरच्या वाट्याच्या पोळ्या

बोरटोल्यात पोळी खाल्ली जात नाही, वाढली जाते. ब्रह्मपुरीपासून एसटीने पाऊण तासावरचं गाव, चहूकडे धानाच्या बांध्या. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात आणि आजारी पडलात तर भाताची पेज. इथला माणूस चार पोळ्या खाऊन उठला तरी बायकोला विचारतो, "जेवाले कधी वाढतं वं?" गव्हाची पोळी ही पाहुण्यापुढे मांडायची गोष्ट. ज्या घरी पाहुण्यापुढची पोळ्यांची चळत कमी पडली, त्या घराचं नाव पुढची पाच वर्षं लग्नाच्या पंगतीत निघतं.

म्हणून मंडईच्या दिवशी गावच्या बायका पाहुणे मोजत नाहीत, अब्रू मोजतात. मंडई म्हणजे धान घरात आल्यावरची जत्रा. दिवसा बाजार आणि सोयरेधायरे, रात्री वडसाहून आलेलं नाटक. पाच पाहुणे यायचे असले तर पंधरा जणांची कणीक भिजते. पाहुणे बिचारे वाटेत चार घरी जेवून आलेले. ते पहिल्याच पोळीला पानावर हात आडवा धरतात. दुसऱ्या दिवशी गावात उरतं काय? मांडवाचे बांबू, घसे बसलेले तरुण आणि घरोघरी दुरडीभर शिळ्या पोळ्या. अन्न उकिरड्यावर टाकणं पाप. स्वतः खावं तर त्याला जेवण म्हणवत नाही. यावर गावाने फार वर्षांपूर्वी एक सोय काढून ठेवली होती, ती म्हणजे गुणवंतरावांचा गोठा.

गुणवंतराव साठीचे, पाच एकर धानाचे धनी, आणि शंकरपटाच्या बैलांचे मालक. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि या मुलखात ज्याच्या दारी पटाची जोडी तो माणूस आमदारापेक्षा थोडाच खाली. त्यांच्या पांढऱ्या बैलाचं नाव कलेक्टर. तो मैदानात उतरला की बसलेली माणसं उठून उभी राहत. जोडीचा तांबडा अंगाने थोडा लहान, म्हणून तो तहसीलदार. तीन वर्षं ही जोडी खैरटोलीच्या पटात दुसरी येत होती, आणि गेल्या वर्षी तर मैदानात उतरलीच नाही. तीच सल गुणवंतरावांच्या काळजात होती.

झालं असं होतं, की गेल्या वर्षी पट मंडईनंतर तिसऱ्याच दिवशी होता, आणि त्याच्या आदल्या दिवशी कलेक्टरचं पोट फुगलं. रवंथ बंद, मान खाली, डोळे मलूल. त्याच सकाळी शेजारची नूतनबाई गोठ्यात डोकावून म्हणून गेली होती, "भाऊ, काय बैल हाये! साऱ्या पटात असा बैल नाई." झालं! नजर लागली असं कोणीतरी बोललं आणि गुणवंतरावांचा तोल सुटला. भर चौकात वीस माणसांपुढे त्यांनी नूतनबाईचं नाव घेतलं. मग नजर उतरवायला घरोघरच्या बायका आल्या, प्रत्येकीने कलेक्टरवरून पोळी ओवाळली, आणि ओवाळलेली पोळी फेकायची कशाला म्हणून तहसीलदाराला चारली. संध्याकाळी त्याचंही पोट फुगलं. एवढं होऊनही कोणाच्या डोक्यात उजेड पडला नाही, हे बोरटोल्याचं मोठेपण म्हणायचं.

नूतनबाई आठ महिने गुणवंतरावांशी बोलली नाही. एकच भिंत दोन्ही घरांना, एकच नळ. पण ती पाणी भरायला आली की हे घरात, आणि हे अंगणात आले की तिचं दार बंद. गावातल्या बायका तिच्यापासून तान्हं मूल पदराआड करू लागल्या, ते तिला दिसत होतं. शेवटी बैलपोळ्याच्या दिवशी बैलांनीच तोडगा काढला. मिरवणुकीतून सुटून दोघे सवयीने नूतनबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. ती रडली, हसली, दोघांना पुरणाचा घास दिला. मागून धावत आलेले गुणवंतराव म्हणाले, "बरं हाये ना, नूतनबाई?" ती म्हणाली, "हाव, बरंच हाये." बोलणं सुरू झालं. नजरेचा विषय कोणी काढला नाही. माफीचाही नाही.

यंदा मंडईच्या आदल्या दिवशी जनावरांचा डॉक्टर प्रणित लस टोचायला आला. चहा पिता पिता त्याने विचारलं, "काका, मांगच्या साली तुमची जोडी पटात दिसली नाई?"

गुणवंतरावांनी सगळं सांगितलं. डॉक्टरने कपबशी खाली ठेवली.

"मंडईच्या पोळ्या चारल्या होत्या का?"

"चारल्या ना. साऱ्या गावानं चारल्या. मी पन चारल्या, बम मायेनं. एकट्या कलेक्टरनं चाळीस तरी खाल्ल्या असतीन."

"मंग नजर कोनाची काढून राह्यले होते? काका, बैलाच्या पोटाले धानाचं तनस पाह्यजे, चारा पाह्यजे. गहू एकदम पोटात गेला का आंबते, वायू धरते. एखादी पोळी परसाद. चाळीस पोळ्या म्हंजे जहर." डॉक्टरने बॅग उचलली. "यंदा एकबी देऊ नका. पट आठ दिवसांवर हाये."

डॉक्टरची मोटरसायकल वळणाआड गेली तरी गुणवंतराव तिथंच बसून होते. अति तिथं माती, हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं होतं. आणि आता समजलं, की चौकात उभं राहून ज्या बाईचं तोंड काळं केलं, तिने फक्त बैलाचं कौतुक केलं होतं. विष स्वतःच्या हाताने भरवलं होतं.

रंभाबाईने दारातून सगळं ऐकलं होतं. चाळीस वर्षांचा संसार. नवऱ्याच्या पाठीकडे पाहूनच तिला त्याच्या पोटातलं कळत असे.

"आता नूतनले सांगा," ती म्हणाली.

"सांगतो ना."

"कधी?"

"पट झाल्यावर."

"आन उद्या परवा ते पोळ्या घेऊन आली मंग? नाई म्हनसान तं तिले वाटंल, अजूनबी माह्या हातचं चालत नाई. हाव म्हनसान तं बैल बसतीन."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. गुणवंतरावांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "पोळ्या घ्यायच्या," ते शेवटी म्हणाले, "पन बैलाले नाई द्यायच्या."

"मंग कोनाले द्यायच्या?"

गुणवंतरावांनी गोठ्याकडे पाहिलं. उत्तर रंभाबाईकडे होतं, पण ती नुसती हसली.

मंडई झाली. दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली, तशी पहिली आली नूतनबाईच. डोक्यावर दुरडी, वर धुतलेलं फडकं. नूतनबाईच्या पोळ्या गावात ओळखू येत. ती कणकेत ओवा घालायची. सासरी येताना माहेरहून आणलेली ती सवय, बोरटोल्यात दुसरं कोणी घालत नसे.

"भाऊ, सरका जरासे. माह्या हातानं चारते कलेक्टरले."

"आता... आताच खाल्लं त्यानं," गुणवंतराव आडवे उभे राहिले. "ठेवून द्या. सांजच्याले देतो मी."

नूतनबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, दुरडी ओट्यावर रिकामी केली आणि गेली. मग रांगच लागली. कोणी टोपलं, कोणी परात, कोणी नुसत्या ओच्यात. प्रत्येकीला गुणवंतरावांनी तेच सांगितलं. दुपारपर्यंत ओट्यावर पोळ्यांचा असा ढीग लागला की मांजर त्यावर चढून पलीकडे उतरलं. गोठ्यातून कलेक्टर मान लांब करून बघत होता आणि त्याच्या वाट्याचं त्याला का मिळत नाही हे त्याला कळत नव्हतं.

"बसा आता," रंभाबाई म्हणाली आणि तिने नवऱ्यापुढे परात सरकवली. "कुस्करा."

गुणवंतरावांनी जन्मात चुलीजवळचं काम केलं नव्हतं. धानाचा भारा उचलणाऱ्या हातांनी त्यांनी पहिली पोळी कुस्करली तेव्हा अर्धी परातीत पडली, अर्धी मांडीवर. रंभाबाईने मोहरी, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे यांची फोडणी केली, वरून पाण्याचा हबका मारून झाकण घातलं. पाच मिनिटांत घरभर वास सुटला. गुणवंतरावांनी भीत भीत पहिला घास घेतला. मग दुसरा. मग त्यांनी बशीच उचलून तोंडाजवळ धरली.

"जेवाले वाढू?" रंभाबाईने मुद्दाम विचारलं.

"थांब जराशी," ते म्हणाले. "आनखी हाये का?"

त्या आठवड्यात गुणवंतरावांच्या घरी भाताला सुट्टी मिळाली. सकाळी कुस्करा. दुपारी तुरीच्या आंबटगोड वरणात पोळीचे तुकडे सोडून उकळलेले. एक दिवस रंभाबाईने पोळ्या हाताने बारीक चुरून गूळ आणि तूप घालून मलिदा वळला. गुणवंतराव देवापुढे ठेवायला उठले आणि वाटेतच एक लाडू संपवून बसले. जुन्या, कडक झालेल्या पोळ्यांसाठी तिने कातरी काढून दिली. गुणवंतराव ओट्यावर मांडी घालून पोळ्यांच्या पट्ट्या कापायचे, शिडी लावून माडीच्या उघड्या गच्चीवर उन्हात वाळत घालायचे, आणि कुरकुरीत झाल्या की तळून, तिखटमीठ, धने-जिरेपूड, कढीपत्ता आणि फुटाण्याची डाळ घालून चिवडा. चौथ्या दिवशी तर ते रंभाबाईला सांगू लागले, "तिखट आधी नाई टाकत, जळते. गॅस बंद करून टाकत असतात." तिने कपाळावर हात मारला.

जोडी हाकणारा धुरकरी सुनिल रोज सकाळी बैलांना धाव द्यायला यायचा. त्याच्याही पुढे बशी यायची. सहाव्या दिवशी त्याने बैलांच्या बरगड्यांवरून हात फिरवला, मग गुणवंतरावांच्या सदऱ्याच्या ताणलेल्या गुंड्यांकडे पाहिलं.

"भाऊ, बैल मस्त हलके झाले. तुमी पटात धावाचं का?"

सगळे हसले. गुणवंतरावही हसले. पण हसता हसता त्यांची नजर भिंतीपलीकडे जाई आणि हातातली बशी खाली ठेवली जाई. रोज सकाळी ते ठरवत, आज सांगतो. रोज नूतनबाई नळावर विचारी, "खाल्ल्या का वो कलेक्टरनं माह्या पोळ्या?" आणि ते म्हणत, "हाव तं! चाटून पुसून." एका खोट्याचे सहा दिवसांत सहा झाले होते.

हे बिंग फोडलं ते कावळ्यांनी. माडीवर पट्ट्या वाळत घातल्या की रंभाबाई वरून जुनी साडी अंथरायची. त्या दिवशी ते काम गुणवंतरावांनी केलं आणि साडीच्या कडांवर दगड ठेवायला विसरले. तासाभरात गावातले सगळे कावळे माडीवर. त्यातल्या एकाने अर्धी, अजून न कापलेली पोळी उचलली आणि ती जड झाली म्हणून बरोबर नूतनबाईच्या अंगणात टाकली.

नूतनबाईने ती उचलली. ओव्याचे दाणे बोटाला लागले.

गुणवंतराव माडीवर बसून कातरी चालवत होते. शिडी हलली, आणि समोर नूतनबाईचं तोंड वर आलं. तिने माडीभर पसरलेल्या आपल्या पोळ्या पाहिल्या. ओव्याच्या एका बाजूला, बाकीच्यांच्या एका बाजूला, कारण गुणवंतरावांना ओव्याचा चिवडा वेगळा ठेवायचा होता. नेमकं तेवढंच तिच्या डोळ्यांत भरलं.

"माह्याच बाजूले काढल्या," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "म्हंजे अजूनबी चालत नाई. बाकीच्या नजरेच्या नाई, माह्याच नजरेच्या. तं घेतल्या कायले भाऊ? दारातूनच परत करायच्या होत्या ना."

गुणवंतराव गडबडून उठले. खालून रंभाबाईने सगळं ऐकलं, पण ती तुळशीला पाणी घालत राहिली. हे ज्याचं त्यानेच निस्तरायचं, असं तिचं ठरलं होतं.

"नूतनबाई," गुणवंतराव कातरी हातात धरूनच म्हणाले, "कोनाचीच पोळी नाई दिली बैलाले. डॉक्टरनं सांगतलं, मांगच्या साली नजर नाई लागली. पोळ्याइनं पोट फुगलं. आन त्यातल्या अर्ध्या म्या माह्या हातानं चारल्या होत्या."

ती शिडीची आणखी एक पायरी चढली. कावळे उडून दूर जाऊन बसले.

"कधी सांगतलं डॉक्टरनं?"

"मंडईच्या आदल्या दिवशी."

"आन आज?"

त्यांनी कातरी खाली ठेवली.

"मी सहा दिवस नळावर इचारून राह्यली. तुमी सहा दिवस हाव म्हनून राह्यले." तिने पदराने डोळे पुसले, ते रागाने भरले होते, दुःखाने नाही, आणि दुःखाने असते तर गुणवंतरावांना सोपं गेलं असतं. "पोळीचं काई नाई, भाऊ. माह्या मांगं बाया लेकरं झाकत होत्या, एक साल. ज्या तोंडानं चौकात बोलले ना, त्याच तोंडानं चौकात सांगा. मले इथं शिडीवर नोका सांगू."

ती उतरून गेली. गुणवंतराव शिडीवरून खाली उतरले. मग त्यांनी सदरा झटकला, टोपी नीट केली, आणि थेट चौकातल्या ग्रामपंचायतीकडे चालू लागले.

पंचायतीचा शिपाई सुकलू भोंग्याजवळ बसून पेंगत होता. त्या भोंग्यावरून नळाचं पाणी, राशन आणि हरवलेल्या शेळ्या एवढंच सांगितलं जाई. "चालू कर," गुणवंतराव म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून सुकलूने काही विचारलं नाही. चौकातले पंधरावीस जण, दुकानावरची गर्दी, नळावरच्या बाया, सगळ्यांच्या कानावर खरखर आली आणि मग गुणवंतरावांचा आवाज.

"हॅलो. हॅलो. मी गुणवंता बोलून राह्यलो. मांगच्या साली याच चौकात म्या नूतनबाईचं नाव घेतलं होतं, का त्याइची नजर बैलाले लागली. नजरबिजर काई लागली नव्हती. पोळ्या लागल्या होत्या. अर्ध्या म्या चारल्या, अर्ध्या गावानं. डॉक्टर सांगून गेले. मले सात दिवस झाले समजून, आन म्या लपवलं, कारन मले लाज वाटत होती. चूक माही हाये. नूतनबाईची काई चूक नाई. नूतनबाई, साऱ्या गावापुढं माफी मांगतो." भोंग्यात नुसतं खाकरणं ऐकू आलं. "आन बैलाले कोनी पोळी चारू नोका. ज्याच्या पोळ्या असतीन त्यानं उरलेल्या घेऊन जा. बम उरल्या हायेत. बाकी मी खाल्ल्या. ओव्याच्या जास्त खाल्ल्या, चांगल्या होत्या. झालं. सुकलू, बंद केलं का?"

"नाई भाऊ, चालूच हाये."

"मंग कर ना बापा!"

भोंगा एकदाचा बंद झाला. मग नळावर कोणीतरी खुदकन हसलं, दुकानावर कोणीतरी मांडीवर थाप मारली, आणि हसू या घरून त्या घरी असं पसरलं की शाळेतल्या पोरांनीही खिडकीतून माना काढल्या. गुणवंतराव घरी पोचले तेव्हा अंगणात बाया जमलेल्या. "आमच्या पोळ्या तुमी खाल्ल्या!" "आमी समजलो, कलेक्टर जेवून राह्यला, आन जेवत होता कलेक्टरचा मालक!" त्यांच्या पोटाकडे बोटं दाखवून झाली. मग कोणीतरी चिवड्याच्या डब्यात हात घातला, आणि पाच मिनिटांत डबा अर्धा झाला.

"हे आमच्याच पोळीचं हाये?" एकीने विचारलं.

"तुमच्याच," रंभाबाई म्हणाली. "आपन दरसाल फेकत होतो, बैलाच्या पोटात."

उरलेल्या पोळ्या कोणी घरी नेल्या नाहीत. बायांनी तिथंच पदर खोचले. एका चुलीवर कढई, एका परातीत गूळ-तूप, दोघी मलिदा वळताहेत, तिघी पट्ट्या कापताहेत. पटाला जायचं तर बांधून न्यायला पाहिजेच. काम करता करता पुढच्या मंडईचंही ठरून गेलं, कोणी सभा न बोलावता. रंभाबाईने एवढंच सांगितलं, की पाहुणा ओट्यावर टेकल्याशिवाय कणकेला हात लावायचा नाही. तो पाय धुऊन पाणी पिईपर्यंत तवा तापतो, आणि गरम पोळी तो एक जास्तच खातो. "आन कमी पडल्या तं?" एकीने भीतीने विचारलं. "तं भात नाई का घरी?" रंभाबाई म्हणाली. ही गोष्ट इतक्या वर्षांत कोणाला सुचली नव्हती.

सगळ्या आल्या होत्या, एक नूतनबाई सोडून. गुणवंतराव दर थोड्या वेळाने भिंतीकडे बघत होते. तिचं दार उघडं होतं, एवढंच समाधान.

खैरटोलीच्या पटाला बोरटोल्याची ट्रॉली बायांनी भरून गेली. आधी पटाला फक्त पुरुष जात, पण चिवड्याचे डबे सांभाळायला कोणीतरी हवंच ना! नूतनबाईही आली होती, पण ट्रॉलीच्या शेवटच्या टोकाला बसून. मैदानावर हजारो माणसं, झेंडे, भोंगे, उसाच्या रसाच्या गाड्या. गुणवंतरावांची जोडी सजून उभी. कलेक्टरचं अंग उन्हात चमकत होतं, पोट खपाटीला, कान टवकारलेले. चार वर्षांची वाट आज एका धावेत संपायची होती. सुनिलने कासरे हातात घेतले.

"भाऊ, शेवटचा नंबर आपला. दोन जोड्या झाल्या का आपन."

गुणवंतरावांनी मागे पाहिलं. सगळ्या बाया दोरीजवळ येऊन उभ्या. नूतनबाई ट्रॉलीतच, आणि मैदानाकडे पाठ करून बसलेली.

"थांब जरासा," ते सुनिलला म्हणाले.

"आता? अवो भाऊ, नंबर पुकारतीन!"

पण गुणवंतराव निघालेच. गर्दीतून वाट काढत, लोकांच्या पायांवर पाय देत, ते ट्रॉलीपाशी पोचले. धाप लागली होती. आठवडाभराचा कुस्करा आता अंगावर येत होता.

"नूतनबाई, चाला."

"मी इथीच बरी हाये, भाऊ." ती वळली नाही. "तुमी जे बोलले भोंग्यावर, ते म्या ऐकलं. मनातून गेलं माह्या. पन मले भेव वाटते. म्या पाह्यलं आन काई झालं तं? तुमी नाई बोलसान. पन लोक तं बोलतीन. मीच मले बोलन."

असं काही गुणवंतरावांनी त्या दिवशी चौकात पेरलं होतं, की माफी मागूनही ते उगवतच होतं. त्यांना ते आत कुठेतरी लागलं. त्यांनी पुढे होऊन ट्रॉलीचा फाळका पाडला आणि हात पुढे केला.

"तुमी नाई आल्या तं मी जोडी सोडत नाई. घरी वापस नेतो. खरं सांगतो."

भोंग्यावर पुकारा झाला: बोरटोला, गुणवंतराव, तयार राहा. नूतनबाईने वळून त्यांच्याकडे पाहिलं. माणूस थट्टा करत नव्हता. ती उतरली.

हजार माणसांमधून त्यांनी तिला थेट जोडीपुढे आणून उभं केलं, अगदी शिंगांच्या समोर, जिथं मालकाशिवाय कोणी उभं राहत नाही. आजूबाजूच्या गावची माणसं कुजबुजली. दोन म्हाताऱ्यांनी तोंडावर हात ठेवले.

"पाहा," गुणवंतराव मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मन भरून पाहा. जेवढं पाह्यचं तेवढं."

नूतनबाईने पाहिलं. पहिल्यांदा भीत भीत, खालून. मग मान वर करून. कलेक्टरने ओळखीचा वास घेऊन तोंड तिच्या खांद्याला घासलं. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला, डोळे भरून आले, आणि ती हसली. असं हसू गुणवंतरावांनी तिच्या तोंडावर वर्षभरात पाहिलं नव्हतं. ती बाजूला सरली.

झेंडा पडला. सुनिल ओरडला, धूळ उठली, हजार गळे एकदम फुटले. नूतनबाई दोरीला पोट लावून, दोन्ही हात वर करून ओरडत होती, "जाय बापा! जाय कलेक्टर! जाय!" पापणी न लववता, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती जोडीकडे बघत राहिली. आणि एकाएकी ती जागच्या जागी उडी मारून नाचायला लागली, रंभाबाईच्या गळ्यात पडली, बाया एकमेकींच्या अंगावर कोसळल्या, चिवड्याचा एक डबा सगळा सांडला.

"बोरटोल्याची जोडी पहिली! पहिल्या नंबरावर बोरटोला!" भोंगा ओरडत होता.

शेजारच्या गावचा एक मालक गुणवंतरावांच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "गुणवंतभाऊ, काय धावली वो जोडी! शेवटच्या टप्प्यात तांबड्यानं कसं खेचलं, पाह्यलं का?"

"नाई," गुणवंतराव डोळे पुसत म्हणाले. पूर्ण धावेत ते मैदानाकडे पाठ करून उभे होते. "मी नूतनबाईले पाहून राह्यलो होतो."